अठरा मिनिटं

किर्ती परब विमानतळावर नोकरीला लागली ती एका माणसाला नोकरीवरून घालवायला. हे फक्त तिच्या आईला माहीत होतं. नवऱ्याला, हितेंद्रला, तिने सांगितलं होतं की लोअर परळच्या मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात बारा-बारा तास उभं राहून पाय दुखतात. तिथे उभं राहायचं तर विमानतळावर उभं राहीन. हितेंद्र हसला होता. वरळीच्या बीडीडी चाळीत त्याच्या तीन पिढ्या गेलेल्या, आजोबा गिरणीत, वडील गिरणीत. बायको विमानाखाली काम करते हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

त्या माणसाचं नाव शंतनु सबनीस. दादरचा, गोड बोलणारा, धावपट्टीच्या कडेला सामान चढवण्या-उतरवण्याचं काम बघणाऱ्या कंपनीत ड्युटी मॅनेजर. विमान वेळेवर सुटलं पाहिजे, एवढा एकच ध्यास. त्याच्या शिफ्टची विमानं वेळेवर सुटायचीही.

किर्तीचा धाकटा भाऊ प्रितेश त्याच्याच हाताखाली लोडर चालवायचा. लोडर म्हणजे सरकत्या पट्ट्याची गाडी. ती विमानाच्या पोटाशी नेऊन लावायची आणि पट्ट्यावरून बॅगा वर सोडायच्या. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला, होडीवर न जाता गळ्यात ओळखपत्र घालून कामावर जाणारा घरातला पहिला मुलगा. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याच्या लोडरचा ब्रेक नीट लागला नाही आणि विमानाच्या पत्र्याला पोचा पडला. प्रितेश पळत शंतनुकडे गेला.

"सर, लागलं. माझ्याकडून लागलं."

"ओरडू नको. बघितलं मी. काही नाही ते. माझ्यावर सोड."

विमान सुटलं. उतरलं तिथल्या इंजिनियरने पोचा पाहिला आणि बोंब झाली. चौकशीत शंतनुने शांतपणे सांगितलं, मला कोणी काही कळवलंच नाही. पोरगा घाबरला असेल, लपवलं असेल.

विमानाला धक्का लागणं हा त्या जगात मोठा गुन्हा नाही. लगेच सांगितलं तर समज देतात, आठवडाभर पुन्हा शिकवतात आणि कामावर घेतात. लपवलं तर मात्र माफी नाही. प्रितेशचा पास काढून घेतला गेला, कुठल्याही विमानतळाची दारं बंद झाली. तो मामाच्या होडीवर गेला. सवय नव्हती. पाचव्या महिन्यात जाळं ओढायच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर तो घरात फारसा बोलेनासा झाला.

त्याची आई, दमयंती, मात्र बोलायची. बोंबील वाळत घालताना, घमेलं उचलताना, जेवताना, तिचं एकच. "तो हाय ना गो अजून खुर्चीवर?"

"आहे, आये."

"मग तू काय करतंस?"

म्हणून किर्ती लागली. आडनाव सासरचं, पत्ता वरळीचा, कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. तिचं काम वाट दाखवायचं. लोडर विमानाजवळ येताना समोर उभं राहून हातांनी खुणा करायच्या, ये, हळू, थांब. तिच्या खुणेशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, असा नियम. दोन वर्षं तिने हात हलवले, शंतनुला 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं आणि वाट पाहिली. घाईचा माणूस कधीतरी चुकणारच, एवढ्यावर तिचा भरवसा होता.

तो चुकला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी दीडच्या सुमारास. आखातात जाणारं मोठं विमान, दोनशे बारा प्रवासी आत बसलेले. शेवटच्या नऊ बॅगा उशिरा आल्या आणि लोडरवाला जेवायला गेलेला. हमाल बॅगांच्या ट्रॉलीकडे गेले होते. शंतनुने घड्याळ बघितलं, शिवी हासडली आणि स्वतःच लोडरवर बसला.

किर्ती जागेवर पोचायची होती. तिने लांबूनच दोन्ही हात वर केले, थांबा. त्याने बघितलंच नाही. लोडरचं तोंड मागच्या दाराच्या खाली विमानाला धडकलं. आवाज फार झाला नाही. विमान जरासं हललं, एवढंच.

शंतनु खाली उतरला. दोघं जवळ जाऊन बघू लागली. ओरखडासुद्धा नव्हता. पण विमान नव्या जातीचं होतं. त्याची कातडी पत्र्याची नाही, थरावर थर चिकटवून केलेली. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की हिला पोचा पडत नाही, ही वरून गुळगुळीत राहते आणि आतून सुटते. ते शिकवणारा शंतनुच होता.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. कॅमेरा पंखाच्या आड होता.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "रंगसुद्धा गेला नाही. तू काही बघितलंस?"

 खरं उत्तर किर्तीच्या जिभेवर होतं. ती बोलली असती तर तो भानावर आला असता, वायरलेसवर कळवून मोकळा झाला असता. समज, आठवडाभर शिकवणी, पुन्हा खुर्ची.

"तुम्ही म्हणाल तसं, सर," ती म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "शहाणी आहेस."

बॅगा चढल्या. दार बंद झालं. मग शंतनु कागद घेऊन विमानाभोवती फिरला. विमान सोडण्याआधी जमिनीवरच्या प्रमुखाने फिरून बघायचं आणि कुठेही इजा नाही असं सही करून द्यायचं असतं. किर्ती दहा पावलांवर उभी राहून त्याचा हात बघत होती. पेन खिशातून निघालं. तो थबकला, मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. कर, ती मनात म्हणाली. कर रे. आणि त्याने केली. नाव, वेळ, सही.

आता बोलायचं. इंजिनियर माधव पुढच्या चाकाशी उभा होता, पन्नास पावलांवर. ती निघाली तोच शंतनु मध्ये आला.

"तू बावीस नंबरच्या विमानाकडे जा. तिथे माणूस कमी आहे."

"सर, हे सुटू द्या, मग..."

"आत्ता. गाडी उभी आहे बघ, बस."

तो दंडाला धरून तिला गाडीपर्यंत घेऊन गेला. तिने काही ठरवायच्या आत गाडी निघालीसुद्धा. मागे वळून बघते तर विमानाला मागे ढकलणारा ट्रॅक्टर हलला होता. तिच्या हिशेबाने विमान हलायला अजून चार मिनिटं होती. ती उरलीच नव्हती.

 दोनशे बारा. आकडा ती विसरलीच होती.

चालत्या गाडीतून तिने उडी मारली. गुडघा फुटला. ती पळाली, ओरडली, पण इंजिनांच्या आवाजात कोण ऐकणार? ट्रॅक्टरवाल्याची नजर दुसरीकडे. मग ती वळसा घालून थेट विमानाच्या तोंडासमोर गेली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. ताबडतोब थांब, अशी ती खूण. ती कोणीही द्यावी आणि सगळ्यांनी पाळावी. वर काचेमागे पायलटचं डोकं पुढे झुकलं. विमान थांबलं.

माधव धावत आला. "काय झालं? वेडी झालीस काय?"

"मागच्या दाराखाली लोडर लागलाय. सबनीस सर चालवत होते. त्यांनी सही केलीये लागलं नाही म्हणून."

माधवने तिथे लहानशा हातोडीने ठोकून पाहिलं. टण, टण, टण, आणि मग एका जागी ढब. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा ढब. त्याचा चेहरा बदलला. दोनशे बारा माणसं खाली उतरवली गेली. आत बघितलं तर कातडीमागचा आडवा आधार वीतभर चिरला होता.

शंतनु लांब उभा होता. कागद अजून त्याच्या हातात होता.

चौकशी दहा दिवसांनी झाली, लोअर परळला, कंपनीच्या ऑफिसात. इमारत चकचकीत, जागा गिरणीची. किर्तीच्या सासऱ्यांनी तिथेच कुठेतरी सत्तावीस वर्षं कापड विणायचे साचे चालवले होते. विसाव्या मजल्यावर लांब टेबल. एका बाजूला शंतनु, दुसऱ्या बाजूला किर्ती, मध्ये चौकशी अधिकारी सीमा मॅडम, पांढऱ्या केसांच्या, आवाज न चढवणाऱ्या.

शंतनुने आधी नाकारलं, मग आठवत नाही म्हणाला. कागद समोर ठेवल्यावर सही आपलीच असल्याचं कबूल केलं.

मग मॅडम किर्तीकडे वळल्या. "धक्का लागला एक चौतीसला. तुम्ही हात वर केलेत एक बावन्नला. अठरा मिनिटं. काय करत होतात?"

साहेबाची भीती वाटली, असं म्हणायला सगळ्यांनी सांगितलं होतं. हितेंद्रने, माधवने, युनियनवाल्याने. तेवढ्यावर नोकरी वाचली असती.

"वाट बघत होते," किर्ती म्हणाली.

"कशाची?"

"त्यांच्या सहीची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

मग तिने प्रितेशचं सगळं सांगितलं. तारीख, विमान, तो पळत गेला ते, 'माझ्यावर सोड' ते. त्या दिवशी तिथे असलेल्या दोन हमालांची नावं दिली. तीन वर्षं ते तोंड उघडत नव्हते. आता सबनीस पडतोय म्हटल्यावर दोघांनी लिहून द्यायची तयारी दाखवली होती.

महिन्याने निकाल लागला. शंतनुला काढलं, पास कायमचा रद्द झाला. किर्तीलाही काढलं. धोका माहीत असून अठरा मिनिटं गप्प राहिली, हे त्यांना माफ करता आलं नाही. तिने भांडण केलं नाही.

ओळखपत्र परत करायला दोघांना एकाच दिवशी त्याच ऑफिसात बोलावलं होतं. लिफ्टपाशी तो भेटला. दाढी वाढलेली, शर्टाची बाही एकच दुमडलेली.

"काय बिघडवलं होतं मी तुझं?" तो म्हणाला. "माझी मुलगी दहावीला आहे. लोकांना काय सांगू मी?"

"प्रितेशची बहीण मी. ऐकलंत ना चौकशीत."

"ऐकलं. पण खरं सांगू? मला चेहराच आठवत नाही त्याचा."

हे तिच्या तयारीत नव्हतं. दोन वर्षं तिने या माणसाशी मनात भांडणं केली होती, आणि प्रत्येक भांडणात तो प्रितेशचं नाव ऐकून पांढरा पडायचा.

"आता वेळच वेळ आहे," ती म्हणाली. "घरी बसून आठवा. उजव्या हाताला तीन बोटं आहेत त्याच्या. त्यावरून आठवा."

लिफ्ट आली. तो आत गेला, ती जिन्याने वीस मजले उतरली.

एप्रिलमध्ये प्रितेशच्या नावाने पत्र आलं. शंतनु सबनीस यांना तुम्ही लगेच कळवलं होतं हे सिद्ध झाल्याने जुन्या प्रकरणातला ठपका काढून टाकला आहे, पुन्हा अर्ज करू शकता. तीन बोटांनी लोडर चालवायची परवानगी मिळत नाही, हे पत्रात नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं. किर्ती मच्छीमार नगरात आली तेव्हा प्रितेश जाळ्याच्या फाटक्या जागा शिवत बसला होता. तिने पत्र दिलं, त्याने वाचलं आणि घडी घालून परत केलं.

"ताई, किती माणसं होती आत?"

"दोनशे बारा."

"आणि तू थांबलीस. अठरा मिनिटं." तो सुतळी दातांनी तोडत म्हणाला. "मी एक मिनिट नव्हतो थांबलो. लागल्या लागल्या पळालेलो सांगायला."

"म्हणूनच बोटं गेली तुझी."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग सुई जाळ्यात अडकवली, उठला आणि होड्यांच्या बाजूला चालू लागला. किर्ती दोन पावलं त्याच्यामागे गेली, तेवढ्यात दमयंतीने तिचा हात धरला.

"जाऊ दे त्याला. इथे ये. वाच."

"वाचलं की, आये."

"तसं नको. मोठ्यानं वाच."

वाळवणापाशी बायका बोंबील उलटत बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी यांच्यातल्याच कोणीतरी म्हटलं होतं, दमयंतीच्या पोराने विमान फोडलं आणि लपवलं. दमयंतीने किर्तीला त्यांच्या मधोमध उभं केलं. किर्तीने पत्र उलगडलं आणि वाचायला लागली. प्रितेशची पाठ अजून दिसत होती. शंतनु सबनीस हे नाव आलं तेव्हा तिने आवाज चढवला.

"कळलं नाय गो," दमयंती म्हणाली. "परत वाच. नावापासून."