पुसून गेलेली दुपार

मित्रांनो, औषधांच्या दुकानात, काउंटरच्या वर टांगलेला मी एक जुना कॅमेरा आहे. आता माझी काच धुरकट झाली आहे. पण एके काळी माझा रुबाब काही वेगळाच होता.

कारखान्यातून मी थेट इथेच आलो. दुकानदारकाका मला फार जपत. एकदा एका आजींची पिशवी लांबवणारा चोर माझ्या चित्रणामुळे सापडला. कोर्टात ते पडद्यावर लावले, तेव्हा चोराच्या वकिलाची बोलतीच बंद झाली. काका येईल त्याला सांगत, "आपला कॅमेरा म्हणजे पक्का साक्षीदार!" मीही हुरळून गेलो.

मग एक दिवस ती ताई आली. तिचा भाऊ घरे रंगवण्याचे काम करी. पलीकडच्या रस्त्यावर एका सोनाराला मारहाण करून लुटले होते आणि घाबरलेल्या सोनाराने तिच्या भावाकडेच बोट दाखवले होते.

"काका, त्या वेळी तो तुमच्याकडे बाबांचं औषध घेत होता हो! तेवढं चित्रण काढून द्या."

होता! मी स्वतः पाहिला होता. सदऱ्यावर रंगाचे शिंतोडे, हातात बाटली, उजेडाकडे धरून तिच्यावरची तारीख वाचत उभा. पावती मात्र त्याने घेतली नव्हती.

काका कानामागे पेन खोचत म्हणाले, "अगं, मागे त्या चोराच्या वेळी कोर्टात खेटे घालून जीव मेटाकुटीला आला माझा. बघतो, पुढच्या आठवड्यात ये."

ती आली. पुन्हा आली. काका "बघतो" म्हणत राहिले. मित्रांनो, माझे चित्रण साठवणाऱ्या पेटीत जागा थोडी. ती भरली की नवे चित्रण जुन्याला पुसून टाकते. तिच्या भावाचे वकील चित्रणासाठी कोर्टाचा आदेश घेऊन आले, तोवर ती दुपार पुसली गेली होती. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण मला वाचा कुठे आहे?

काकांना साक्षीला जावेच लागले. परत आल्यावर ते काकूंना म्हणाले, "चेहरा ओळखीचा वाटतो म्हणालो. त्याच दिवशी आला होता का, ते शपथेवर कसं सांगू?"

रंगाऱ्याला शिक्षा झाली.

आता बाबांचे औषध न्यायला ताईच येते. काका मान खाली घालून बाटली पुढे करतात. परवा त्यांनी धीर करून विचारले, "बाबा कसे आहेत?"

"रोज विचारतात, पोरगा कधी येणार. लांबचं काम मिळालंय, असं सांगते."



मित्रांनो, आपल्या माणसाची सुटका शोधत कुणी दारात आले, तर त्याला उद्यावर घालवू नका. मी आज दाखवू शकतो ते उद्या माझ्याजवळ असेलच असे नाही.