एकशेदहावर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. ताप आल्यावर तोंडात धरतात तो नाही, आणि विजेचं बिल वाढवतो तोही नाही. मांसाला धुरी द्यायच्या लोखंडी पेटीच्या दारात बसवतात ना, तो मी. वाटीएवढं गोल तोंड, वर काच, शून्यापासून तीनशेपर्यंत आकडे आणि एक काळा काटा. पाठीमागून एक दांडी निघते, ती दारातून आत जाते. दांडीत पत्र्याची बारीक गुंडाळी असते. तापलं की गुंडाळी पिळते, गुंडाळी पिळली की काटा फिरतो. एवढंच माझं शिक्षण.

परीक्षा म्हणाल तर दोनच दिल्या. कारखान्यात एक चष्मेवाली बाई होती. ती प्रत्येकाला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायची, मग उकळत्या. बर्फात शून्य दाखवायचं, उकळीत शंभर. चुकला तो टोपलीत. मी दोन्ही वेळा बरोबर उत्तर दिलं. बाईनं पाठीवर खडूची रेघ मारली आणि पुढच्याला उचललं. शाबास नाही, काही नाही. मला तेव्हाच राग आला होता. तसा मला राग लवकर येतो. गरम झालो की लपवता येत नाही, सगळं तोंडावर दिसतं.

तिथून मी एका मोठ्या बार्बेक्यूच्या हॉटेलात आलो. मिस्त्रीनं पेटीच्या दाराला भोक पाडलं, मला त्यात खुपसलं आणि आतून नट करकचून आवळला. तोंड बाहेर, पाठ धुरात. त्या दिवसापासून मी तसाच आहे. आत काय चाललंय ते मला सगळं कळतं, पण सांगायला एकच काटा. ओरडता येत नाही. पळता तर नाहीच, साधी मान वळवता येत नाही.

समोर मात्र मजा असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा हॉल दिसायचा. प्रत्येक टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात निखारे, वर सळया. लोक खायला कमी आणि भांडायला जास्त यायचे. माझी सळई तू का उचललीस, तू आधी का उलटलीस. एक पट्टाकाका होते. खुर्चीत बसायच्या आधी कमरेचा पट्टा दोन भोकं सैल करायचे आणि दर रविवारी तेच म्हणायचे, "आज फक्त चवीपुरतं."

"काका, चव किती किलोची आणू?" खिडकीतून आवाज जायचा.

हा आवाज आमच्या मामाचा. मामा म्हणजे भट्टी सांभाळणारा आचारी. वेटर त्याला मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. पेटीतली सहा-सहा तासांची धुरी त्याच्या हातात. त्याचा एकच कायदा होता. दार उघडायचं नाही. दार उघडलं की धूर पळाला, ऊब पळाली, तास वाढला. मग आतलं शिजलं की नाही हे कळणार कसं? त्यासाठीच तर मी होतो.

पण मामा माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही! वेटरांनी विचारलं की नाकावर टिचकी मारायचा. "मीटर कशाला? हे काय नुसतं शिंकायला दिलंय का देवानं?" पेटीजवळ यायचा, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून वीस मिनिटं." वीस म्हणजे वीस. कुणा वेटरला करपल्याचा वास आला नाही तर त्याच्यावर खेकसायचा, "ए, नाक आहे का भोक?"

चार वर्षं माझ्या काचेवर काजळी चढत गेली. आकडे दिसेनासे झाले. मी आत बरोबर फिरत होतो आणि बाहेर आंधळा होतो. फार चरफडायचो.

मग एकदा मामाला सर्दी झाली. साधीच. आठ दिवसांत गेली, पण जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेली.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मला कसं कळलं सांगतो. तो नेहमीसारखा पेटीजवळ आला, डोळे मिटले, श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. मग डोळे उघडून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. आणि अंगठ्याला थुंकी लावून माझ्या काचेवरची काजळी पुसली.

मित्रांनो, थुंकीचा मला अजिबात राग आला नाही.

त्या दिवसापासून मामा येता-जाता मला बघायचा. आधी काटा बघायचा, मग डोळे मिटून श्वास घ्यायचं सोंग करायचा, मग मोठ्यानं म्हणायचा, "अहाहा, काय वास सुटलाय! अजून वीस मिनिटं." वेटर माना डोलवायचे. पट्टाकाका पट्टा सैल करायचे. मामाच्या नाकाचं नाव व्हायचं आणि ते नाक म्हणजे मी होतो. छाती फुगवता आली असती तर फुगवली असती.

दोन वर्षं असं चाललं. मग हॉटेलात बटणांची चकचकीत भट्टी आली. पेटी भंगारात निघाली. मामाचंही वय झालं होतं. तो म्हणाला, "मला दुसरं काही नको, ही पेटी द्या." टेम्पोत पाठीवर पडून मी त्याच्या घरी आलो. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली पेटी बसली.

घरी मामी होती, म्हणजे मामाची बायको. आणि चिंगी होती, मामाची नात. तिची आई, म्हणजे मामाची लेक, कामावर जायची, म्हणून चिंगी शाळा सुटली की आजी-आबांकडेच. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले आणि प्रश्न दातांपेक्षा जास्त. तिच्यासाठी मामानं नवा कायदा केला होता. "पेटीला हात लावायचा नाही. कातडं सोलून निघेल."

दर रविवारी मामा कोंबडी धुरीला लावायचा. सकाळी निखारे, निखाऱ्यांवर लाकडाचे भिजवलेले तुकडे, आणि दुपारी एकपर्यंत दार बंद. खुर्ची टाकून माझ्यासमोर बसून राहायचा.

आणि दर सोमवारी मामी मला आंघोळ घालायची. साबण, घासणी, वरून तांब्याभर गरम पाणी. काजळीचा ठिपका ठेवायची नाही. "बघ कसा दिसतोयस, नवरदेवासारखा!" म्हणायची. कारखान्यात नाही, हॉटेलात नाही, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी लाडानं घासत होतं. मी कसलं बोलतोय नको म्हणून?

पण काचेभोवतीची पट्टी जुनी झाली होती. दर सोमवारी एखादा थेंब आत शिरायचा. आधी काचेला आतून वाफ धरली. मग काट्याच्या बुडाशी एक तांबूस ठिपका आला. गंज. काटा फिरताना खरखरायला लागला. मला कळत होतं. सांगणार कुणाला?

असं एक वर्ष गेलं आणि तो रविवार आला.

त्या दिवशी पंगत होती. हॉटेलातले चार जुने वेटर जेवायला आले होते. चिंगीची आईही आली होती, सातवा महिना लागलेली. पाय सुजले म्हणून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. मामा सकाळपासून उड्या मारत होता. पाच कोंबड्या आत गेल्या, दार लागलं. निखारे फुलले आणि मी चढायला लागलो. ऐंशी. खरखर. नव्वद. शंभर. एकशेदहावर आलो आणि बुडाशी काहीतरी कचकन बसलं.

सकाळी दहाच्या सुमाराला आतली आग मंदावली. लाकडाचे तुकडे जास्तच भिजले होते, त्यांनी निखारे विझवत आणले. नव्वद झालं, सत्तर झालं. माझी गुंडाळी उलटी पिळत होती, काट्याला ओढत होती. काटा एकशेदहावर. मी जीव खाऊन ओढलं. पन्नास झालं. तरी काटा एकशेदहावर.

आणि मामा समोर खुर्चीत बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होता!

"आज कसा एका जागी बसलाय," तो म्हणाला. "शहाणं बाळ."

मला असं वाटलं की फुटून जावं. काचेसकट. पाच कोंबड्या आत कोमट होऊन पडल्या होत्या, वरून धुरानं तांबूस, आतून कच्च्या. धुरीचं मांस शिजलं तरी गुलाबीच दिसतं, ताटात कुणाला कळलं नसतं. सगळ्यांची पोटं बिघडली असती, आणि त्या उशीवर बसलेल्या पोरीला तर काय नसतं झालं! पेटीतून बारीक धूर येत होता, पण चांगला धूर बारीकच असतो, त्यामुळे मामा निर्धास्त.

चिंगी अंगणात आली. नाक मुरडून म्हणाली, "आबा, आज वास घाण येतोय."

मामा दचकला. मग हसला. "घाण? अगं मस्त घमघमाट सुटलाय."

"नाही. ओल्या गोणपाटासारखा येतोय."

"तुला काय कळतंय? चाळीस वर्षं भट्टीवर काढलीत मी. जा, आत जा."

"तुम्ही घेऊन बघा ना."

मामानं डोळे मिटले, मोठ्ठा श्वास घेतला. "अहाहा!" म्हणाला. मग हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. एकशेदहा. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. चिंगीला नाही, स्वतःला.

एक वाजला. आतून वेटर ओरडले, "मामा, पोटात कावळे मेले हो!" मामानं जाड हातमोजे चढवले. त्या मोज्यांतून विस्तवही कळत नाही. त्यानं कडीला हात घातला.

"काही गरम नाहीये," चिंगी म्हणाली. आणि तिनं सरळ पुढे होऊन पेटीच्या दारावर, माझ्या शेजारीच, उघडा तळहात ठेवला.

"चिंगे!" मामा ओरडला. तिचा हात ओढायला धावला.

तिनं हात काढला नाही. "बघा. चटका बसतच नाही."

मामानं मोजा काढला आणि आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. मग वर माझ्याकडे पाहिलं. मी एकशेदहा सांगत होतो. त्याच्या तळहाताखालचं लोखंड उन्हात ठेवलेल्या तांब्याएवढंही तापलेलं नव्हतं. त्यानं मला टिचकी मारली. मग आणखी जोरात. काटा जागचा हलला नाही.

अंगणात आम्ही तिघंच होतो. पटकन निखारे पेटवून, कोंबड्या पुन्हा तापवून ताटात टाकल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. त्याच्या मनात ते आलं असणार, कारण त्यानं एकदा कोळशाच्या पोत्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथं त्याची लेक वेटरांच्या गप्पांना हसत होती.

"अगं, जरा बाहेर ये," त्यानं मामीला हाक मारली. मामी आली, मागोमाग वेटरही आले, लेक दारात टेकून उभी राहिली.

"हे फेकायचंय सगळं," मामा म्हणाला. "आग कधीच गेलीय, मांस तीन तास कोमट पडलंय, आता तापवूनही खाण्यासारखं नाही. मला कळलं नाही. मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. कसलाच येत नाही."

मग एक वेटर म्हणाला, "म्हणजे मामा, हॉटेलातली शेवटची दोन वर्षं आम्हाला 'नाक आहे का भोक' म्हणून विचारत होतात, ते?"

"स्वतःलाच विचारत होतो रे," मामा म्हणाला. हसायला गेला, जमलं नाही.

मामी पदराला हात पुसत म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वास येत नाही ते. दोनदा दूध करपलं तुमच्या शेजारी. तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत." मामी माझ्याजवळ आली. "म्हणून तर दर सोमवारी ह्याला घासते. म्हटलं, तुम्हाला आकडा तरी नीट दिसू दे."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. मला वाटत होतं लाड माझे चाललेत. ती आंघोळ मामासाठी होती. आणि त्याच पाण्यानं मला गंजवलं. मामीनं काचेतला तांबूस ठिपका पाहिला, तिलाही कळलं. तिनं नुसतं बोट फिरवलं माझ्यावर.

त्या दिवशी सगळ्यांनी निखाऱ्यावर भाजलेला पाव आणि अंडी खाल्ली. लेकीनं तीन अंडी खाल्ली. वेटरांनी मामाला खूप छळलं.

संध्याकाळी मामाच्या मदतीनं चिंगीनं पाना घेऊन माझा नट सोडवला. इतक्या वर्षांनी मी त्या दारातून सुटलो. तिनं मला बर्फाच्या पाण्यात घातलं. एकशेदहा. उकळत्या पाण्यात घातलं. एकशेदहा. ती खो खो हसली. मी रडलो असतो, पण माझ्यात आधीच पाणी होतं.

आता दारात नवा मीटर आहे. मामी त्याला कोरड्या फडक्यानं पुसते. मामा महिन्यातून एकदा त्याची उकळत्या पाण्यात परीक्षा घेतो. आणि रविवारी पेटीशेजारी दोन खुर्च्या असतात. "बोल चिंगे, वास कसा?" "कोळशाचा." "आता?" "आता गोडसर." "मग अजून वीस मिनिटं." मामा आता डोळे मिटत नाही.

मी खिडकीत पडलो आहे. दुपारी ऊन येतं. ऊन आलं की माझ्या आतली गुंडाळी अजून पिळते, मित्रांनो, अगदी बरोबर पिळते. आज तेहेतीस आहे, हे मला पक्कं माहीत आहे. काटा म्हणतो एकशेदहा.

म्हणून एवढंच सांगतो. कुणी रोज एकच उत्तर द्यायला लागलं, तर त्याला शहाणं बाळ म्हणून सोडून देऊ नका. एकदा जवळ जा आणि हात लावून बघा.