समोरच्या घराची हरकत

गिरधरनानांनी पिशवीतून मडकं काढलं आणि साहेबांच्या टेबलावर आपटलं.

"हे बघा. सकाळी दार उघडलं की हे दिसणार मला. मडकी, बांबू, पांढरं कापड. माझ्या घरात लेकरंबाळं आहेत, साहेब."

"पाणी भरायचं मडकंही असंच असतं, काका," ज्योत्स्ना म्हणाली.

"मला काका म्हणू नको."

अमळनेरच्या एका गल्लीत नानांचं घर आणि ज्योत्स्नाचं माहेर समोरासमोर होतं. नाना तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. ज्योत्स्नानं जातीबाहेर लग्न केलं आणि भावकीनं तिच्या माहेराशी बोलणं टाकलं. गेल्या उन्हाळ्यात वडील, जीवराम, वारले तेव्हा अंगणात कुणी पाऊल ठेवलं नाही. तिरडी कशी बांधतात हे तिला ठाऊक नव्हतं. लाकडाच्या वखारीतले खाजाभाई बांबू घेऊन आले, त्यांनीच बांधून दिली. खांद्याला ते, त्यांचा मुलगा आवेज, ज्योत्स्नाचा नवरा आणि ती.

त्यानंतर तिनं माहेरच्या पुढच्या खोलीत दुकान काढायचं ठरवलं. अंत्यविधीचं सामान, गाडी, आणि कुणी नसेल त्याला खांदा द्यायला माणसं. परवान्यासाठी नगरपालिकेत अर्ज केला. आज त्यावर सुनावणी होती.

"समोरच्या घरमालकाची हरकत असेल तर परवाना अडेल," साहेब म्हणाले.

"आहे ना हरकत! लेखी दिलीय."

"पण नाना, घर तुमच्या आईच्या नावावर आहे. त्यांचं म्हणणं घ्यावं लागेल."

नाना हसले. "बाहेर बसवलंय तिला. मी सांगितलंय तेच सांगेल."

इंदिराबाई भिंतीला धरत आत आल्या. पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. ज्योत्स्नानं मान खाली घातली. लग्नानंतर त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आजी, हिच्या दुकानाला तुमची हरकत आहे?"

"सांग ना, माय," नाना म्हणाले.

इंदिराबाई साहेबांकडे वळल्या.

"जीवराम मना मांडीवर वाढना. तो गया तवय माले त्यानं तोंड देखानं व्हतं. यानी बाहेरथीन कडी लाई दिन्ही."

"माय, इथं काय काढतेस ते?"

"मी रडनू, दार वाजाडं. यानी उघाडं नही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मनी हरकत नही. लिखा, साहेब."

साहेबांनी शाईचा डबा पुढे सरकवला. अंगठा उमटवून इंदिराबाईंनी तो पदराला पुसला आणि पहिल्यांदाच ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"मी मरसू तवय तिरडीपासून बठ्ठं तू करजो. याना हात लागाले नको."

नाना बाहेर पडले. जिन्यावर त्यांचे पाय वाजले, मग खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ज्योत्स्नानं पायरीवर हात पुढे केला. म्हातारीनं तो बाजूला सारला.

"माले मराले आखो टाइम शे. आते मी चालस."

फाटकाबाहेर नानांची गाडी नव्हती. ज्योत्स्नानं रिक्षा थांबवली, आजींना आधी बसू दिलं.

"आजी, आज आमच्याकडे चला. ते रागात असतील."

इंदिराबाईंनी पदर सारखा केला.

"मी मना घर जासू. त्याले जानं व्हई ते तो जाई."