बंड्याला माती हवी

पांडुरंगांच्या कुत्र्याने, बंड्याने, जन्मात एकच धडा घेतला होता, आणि तो इतका मनावर घेतला होता की आता मालकाच्या नाकी नऊ आले होते. आगाशीच्या वाडीत अंगण म्हणजे सोवळी जागा. विड्याची पानं तिथेच निवडायची, तिथेच रचायची. लहानपणी एकदा बंड्याने नेमकी तिथेच घाण केली, तेव्हा पांडुरंगांनी त्याला कानाला धरून केळीच्या आळ्यात नेलं होतं. "हितं करायचं. अंगनात कदी नाय." त्यानंतर टणक जमिनीवर बंड्याने कधी पाय वर केला नाही.

पुढे भावांनी वाडी विकली. पांडुरंग म्हातारपणी कुत्र्यासकट मुलाकडे एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहायला आले. इथे बघावं तिकडे फरशी, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट. एक मोकळा प्लॉट होता, पण तिथल्या भटक्या टोळीने बंड्याला पहिल्याच दिवशी फोडून काढलं. उरली ती बाग, आणि तिच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी. माळी भला माणूस होता, मागच्या दाराने कर्दळीपाशी सोडायचा. परवा ते हास्यक्लबच्या आग्नेसबाईंनी पाहिलं, तक्रार केली आणि तेही बंद झालं.

काल दिवसभर बंड्या मोकळा झाला नव्हता. "बाबा, डॉक्टर म्हणाले ना, असं अडवून धरलं तर या वयात जिवावर बेतेल," सून रुचिता म्हणाली. "खाली कुठेही करू दे ना. मी धुते नंतर."

पण बंड्याला हे कोण सांगणार? पांडुरंग सकाळी बंड्याला घेऊन पुन्हा बागेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आत माणसं आरोग्यासाठी हात वर करून हसत होती. पांडुरंगांना त्या हसण्याचाही वीट आला होता.

आग्नेसबाई फाटकाशी आल्या. "पांडूभाऊ, मला वाईट वाटतं हो. पण माझ्या नातवाला कुत्रा चावलाय. पोर अजून बागेत यायला घाबरतं."

"तुमचं बरोबर हाय, बाई," पांडुरंग म्हणाले. भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि बाईंचं खोटंही नव्हतं.

ते वळले. बंड्याचे मागचे पाय थरथरत होते. पांडुरंग गुडघे धरून त्याच्याजवळ बसले. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस, पण कुत्र्याची विनवणी करू लागला. "कर रे बाबा. हितंच कर. मी सांगतो ना."

बंड्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याच्याने धरवेना. फाटकासमोरच्या पेव्हर ब्लॉकवर धार लागली आणि कितीतरी वेळ थांबलीच नाही. सगळं झाल्यावर पांडुरंगांना हायसं वाटलं. आग्नेसबाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी तिथे ओतलं.

बंड्याला मात्र हायसं वाटलं नव्हतं. शेपूट पोटाशी घेऊन तो सरपटत मालकाजवळ आला, मान खाली घातली आणि एक कान त्यांच्या हाताशी आणून उभा राहिला, धरायला.

पांडुरंगांनी तो कान हातात घेतला आणि कुरवाळत तिथेच बसून राहिले. त्यांना उठवेना.