फितींच्या बदल्यात

होझिया पेटवेने दाढीचं पातं बाहीवरच्या तिसऱ्या फितीखाली सरकवलं आणि दोरा कापला. फीत मांडीवर पडली.

“झालं समाधान?” शेजारच्या पेटीवर बसलेला लेम्युएल ग्रिग्ज म्हणाला. “मिळवायला तीन वर्षं, उसवायला तीन मिनिटं. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“बंदूक देतायत, लेम.”

“आणि सार्जंटकी काढून घेतायत. का, ते विचारलंस?”

विचारायची गरजच नव्हती. आघाडीवर माणसं कमी पडली, म्हणून अमेरिकी फौजेने काळ्या शिपायांना पहिल्यांदाच गोऱ्यांच्या पलटणीत लढायला बोलावलं होतं. पण काळ्या सार्जंटांनी आधी साधं शिपाई व्हायचं. एखाद्या गोऱ्या शिपायावर काळ्याचा हुकूम ऐकायची पाळी आली तर? छे छे, त्यापेक्षा जर्मन परवडले!

अलाबामापासून या फ्रेंच बंदरापर्यंत होझियाने तीन वर्षं बंदुकांच्या पेट्या उतरवल्या होत्या. हातात एकही बंदूक आली नव्हती. म्हातारा बाप दर पत्रात एकच विचारायचा, ‘बंदूक दिली का रे?’ बाप मागच्या महायुद्धात याच फ्रान्समध्ये होता. फुशारकी मारायचा नाही. पोरांनी फारच पिच्छा पुरवला की एवढंच म्हणायचा, “बंदूक जड असते. खांदा सोलून निघतो. थंडीत तेलाचा वास हाताचा जात नाही.” ऐकताना लहानग्या होझियाच्या अंगावर काटा यायचा.

“बंदुकीशिवाय घरी गेलो, तर म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने भेटू?” असं म्हणून तो उठला.

कप्तानाने पुढे केलेल्या कागदावर होझियाने सही केली. कप्तानाने तो खणात टाकला.

“जा आता कामावर.”

“साहेब, आघाडीचा ट्रक कधी निघणार?”

“सकाळीच गेला. हवी तेवढी माणसं मिळाली.”

“मग… माझ्या फिती, साहेब?”

“सही तूच केलीस ना? मी काय हात धरून करून घेतली?” कप्तानाने वरही बघितलं नाही. “आणि त्या ग्रिग्जला पाठव. टोळीला सार्जंट नको?”

होझिया वळला. दाराची मूठ त्याला दोनदा चाचपावी लागली.

दुपारी लेम्युएल नव्या फिती मुठीत धरून आला. होझियाने सुईत दोरा ओवला.

“कोट काढ. तू लावशील वाकड्या.”

“शिव्या दे मला, होझिया. काहीतरी बोल रे बाबा.”

“तुझा काय दोष? आण तो कोट.”

मग नव्या सार्जंटने खालच्या मानेने हुकूम सोडला आणि जुना सार्जंट सगळ्यांबरोबर पेट्या उचलायला गेला. पेट्या बंदुकांच्याच होत्या.

संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीत टपाल आलं. पाकिटावर बापाचं अक्षर होतं, ‘सार्जंट होझिया पेटवे’. म्हाताऱ्याला तेवढेच तीन शब्द लिहिता यायचे. ते तो मुद्दाम शिकला होता. आतलं पत्र गावचा पाद्री लिहून द्यायचा. आत तेच होतं, ‘बंदूक दिली का रे?’

होझिया गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला बसला. ‘बाबा, आता पाकिटावर सार्जंट लिहू नका. बंदुकीसाठी मी फिती सोडल्या. बंदूक दिली.’

लेम्युएलने ते वाचलं आणि तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

नुसतं ‘दिली’ म्हणून कसं भागणार? बंदूक कशी आहे, तेही लिहायला हवं. होझियाने जरा विचार केला. ‘जड आहे,’ त्याने लिहिलं. ‘खांदा सोलून निघतो.’ मग पेट्यांनी सोललेला खांदा चोळत त्याने तळहात नाकाशी नेला. पेट्यांतून झिरपलेलं तेल दोनदा हात धुऊनही गेलं नव्हतं. ‘थंडीत तेलाचा वास’ एवढं लिहून पेन्सिल थांबली.

“काय रे?” लेम्युएलने विचारलं.

“बाबांनीसुद्धा पेट्याच…” होझिया म्हणाला.

मग त्याने ती ओळ पुरी केली. बापाचेच शब्द, एकही न बदलता.