वॅगनचा नंबर

कुंदानं प्रिंटरमधला कागद टर्रकन फाडला आणि जीवराम नानांच्या हातात दिला. नानांनी तो चष्म्याजवळ नेला. इंग्रजी अक्षरांत नमुन्यादाखल वीस नावं होती, शेजारी तिनं पेनानं मराठीत लिहिलेली. कुणी कधी नाव दिलं आणि वॅगनसाठी कुणाची पाळी कितवी, सगळं एका पानावर.

"आन हे कोन पाहीन?" नानांनी विचारलं.

"सगळे," कुंदा म्हणाली.

नानांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो खिशात टाकला.

नाना केळी सोसायटीचे चेअरमन. रेल्वेच्या वॅगनचा नंबर लागल्याशिवाय गावात घड कापत नसत. नंबर लांबला की घड झाडावरच पिकायचा आणि दिल्लीचा व्यापारी तोंड फिरवायचा. नाव दिल्यावर तारखेची चिठ्ठी मिळे, पण पाळी ठरे नानांच्या कपाटातल्या वहीत. नानांचा माल नेमका पहिल्या वॅगनला कसा जातो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

कुंदा धुळ्यात दोन वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती. हा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला आणि चौऱ्याण्णवच्या दिवाळीत ती नोकरी सोडून गावी आली. वडिलांनी, देवचंदांनी, एकच अट घातली होती. नाना म्हणाले धंदा चालेल, तर घराची ओसरी धंद्यासाठी तिची. नाहीतर मशीन विकायचं आणि गुमान धुळ्याला परत जायचं.

नानांनी आधी पोरीचं तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, गाव लहान, लाइटीचा भरवसा नाही, शिवाय सोसायटीला वही पुरते.

"यात धंदा नही, बाई. नोकरीच बरी."

"धंदा नाही असं नका म्हणू, नाना. तुम्हाला नको, एवढंच म्हणा."

नाना चहा तसाच ठेवून उठले. देवचंदांनी कपाळाला हात लावला. चेअरमनला असं कोणी बोलतं का, म्हणून ते संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिले. कुंदानं ऐकून घेतलं. चूक माझीच, ती म्हणाली. पण बोलण्यात नाही, विचारण्यात. नंबर देणाऱ्याला काय विचारायचं? जे नंबरासाठी ताटकळतात त्यांना विचारायला हवं होतं. तिनं आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी ओसरीबाहेर पाटी लागली : चिठ्ठी आणा, आपला नंबर पाहा, दोन रुपये. चार दिवस कुणी फिरकलं नाही. माणसं पाटीपाशी रेंगाळत, सोसायटीकडे बघत आणि चालू लागत. कुंदाला एकेकाची गचांडी धरून आत आणावंसं वाटे. तरी ती रोज सकाळी मशीन पुसून बसायची.

पाचव्या दिवशी भर दुपारी लोटन आला. नानांचा धाकटा भाऊ, वाटणी होऊन वेगळा राहणारा. त्यानं टेबलावर पिशवी उपडी केली. त्याच्या अख्ख्या गल्लीच्या चिठ्ठ्या होत्या, अडतीस.

कुंदा एकेक चिठ्ठी टाइप करत गेली. एका चिठ्ठीवर तिचा हात थांबला. नाव जीवरामांचं होतं.

"लोटनकाका, ही चुकून आली का?"

"चुकून कायले येईन? यशोदावहिनीनं सोता देली. बाया हळदीकुंकवाले तिच्याशी बोलत नही म्हने. आमचा खरा नंबर कितवा, ते मले पाहू दे, म्हने."

नानांचा माल परवाच वॅगनला लागला होता, गल्लीतले बाकीचे अजून ताटकळत होते. चिठ्ठ्यांच्या तारखांप्रमाणे नंबर लावत प्रिंटर खरखरत चालला. देवचंद दाराशी येऊन उभे राहिले. कुंदानं कागद फाडला, पेन उघडलं आणि छत्तिसाव्या ओळीशेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं : जीवराम.

लोटननं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग त्यानं खिशातून दोन रुपयांची नोट काढून वेगळी ठेवली.

"गल्लीचे मी देतो. हे वहिनीचे. फुकट नको म्हने, आन पुढच्या वॅगनच्या टायमालेही चिठ्ठी पाठवीन म्हने."