पत्रूनं घडवलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे आणि मी रागावलेला आहे. लाकडाला कसला आलाय राग, असं म्हणून हसू नका. माझ्यावर हजारो माणसं बसून उठली. माणसाचं वजन मला जसं कळतं, तसं त्याचं मनही कळतं.

अहेरीच्या पलीकडच्या रानात मी साग म्हणून उभा होतो. पत्रू नावाच्या आराकशानं मला चिरलं. आराकश म्हणजे मोठ्या करवतीनं ओंडके चिरणारा. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली, आणि दोघांनी मिळून करवत ओढायची. वर पत्रू असे आणि खाली त्याची बायको भागीरथा. डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून ती पदर नाकापर्यंत ओढून घेई. बाईमाणसाला करवतीवर कशाला लावतोस, असं कोणी म्हटलं की पत्रू हसे. "हिच्यासारखा सरळ काप कोणाचा पडत नाई जी," म्हणे.

त्या दोघांनी मला तासलं, रंधा मारला, खाचा पाडून पाय बसवले आणि तीन दिवस उन्हात जवसाचं तेल पाजलं. मग दोघांनी डोक्यावर घेऊन मला अहेरीत आणलं. मी चाललो होतो गुणवंतरावांच्या उपाहारगृहात. वाटेत भागीरथा म्हणाली, "एकडाव या बाकावर बसून जिलेबी खाऊ ना हो. आपणच तं केला."

पत्रू म्हणाला, "खाऊ. काऊन नाई?"

पण गुणवंतरावांनी माझ्यावरून हात फिरवला, "वा!" म्हणाले, आणि त्या दोघांना चहा दिला तो दाराबाहेर, पानाच्या द्रोणात. कारण पत्रूची जात गावानं खालची ठरवलेली. बसून बघ, असं त्याला कोणी म्हटलं नाही. ज्यानं मला घडवलं तो उभा, आणि ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं ते बसलेले! माझा पहिला राग तो.

पुढं माझी वर्षं मात्र थाटात गेली. बाजाराच्या दिवशी दहा-अकरा वाजले की उपाहारगृहात पाय ठेवायला जागा नसे. सकाळी घर सोडून आलेली माणसं दुपारच्या आतच भुकेजत. मग रस्सा घातलेले पोहे, गरम आलुबोंडे, कांद्याचे भजे, आणि शेवटी जिलेबी. जंगलखात्याचे कारकून, ठेकेदार, मास्तर, सारे माझ्यावर दाटीवाटीनं बसत. बांगड्या विकणारे नूर मोहम्मद म्हणत, "गुणवंतराव, तुमचे पोहे एक वेळ सोडीन, पण हा बाक नाई सोडत."

गुणवंतराव तसे भाविक. रामनवमीच्या सप्ताहात टाळ घेऊन पुढं बसत. त्या आठ दिवसांत मलाही उचलून मारुतीच्या पटांगणात नेत, म्हाताऱ्या माणसांना बसायला. त्यामुळं कीर्तनाचा नाद मलाही लागला. मृदंगावर थाप पडली, बुवांनी आलाप घेतला, की माझ्या तंतूतंतूतून झिणझिण्या जात. मला वाटे, या पटांगणात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

छप्पन सालची गोष्ट. सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन होतं. काल्याला दही, पोहे आणि लाह्या लागतात. लाह्या घरोघरून येत आणि एकाच मोठ्या टोपल्यात पडत. भागीरथानंही पहाटे उठून धानाच्या लाह्या फोडल्या, धुतलेल्या फडक्यात बांधून आणल्या आणि टोपल्यात ओतल्या. कुणाच्या लाह्या कुठल्या, हे मग देवालाही सांगता आलं नसतं.

बुवा वरोऱ्याकडचे. गळा असा की झाडावरचे पोपट गप्प व्हावेत. त्या दिवशी ते सांगत होते, की कन्हैयानं रानात सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या, एकत्र कालवल्या, आणि गरीब सवंगड्याच्या हातचा उष्टा घास आधी स्वतःच्या मुखात घातला. सांगता सांगता बुवांचे डोळे वाहायला लागले. गुणवंतरावांचेही. मग हंडी फुटली, काला वाटला. गुणवंतरावांनी दोनदा हात पुढं केला. बोटं चाटत म्हणाले, "काय लाह्या फुटल्या आहेत! कोणाच्या घरच्या?"

"त्यात माह्या घरच्याबी आहेत जी," मागून भागीरथा म्हणाली. तिला वाटलं, विचारलं तर सांगावं.

गुणवंतरावांनी ऐकलं. हात धोतराला पुसला आणि दुसरीकडं बघितलं.

त्यानंतर तासाभरात मला परत उपाहारगृहात नेऊन ठेवलं. बाजार भरलेला होता. बुवा फराळाला आले, माझ्या मधोमध बसले. तेवढ्यात दारात पत्रू आणि भागीरथा. भागीरथानं नवं लुगडं नेसलं होतं. माझ्या एका टोकाला दोन माणसांपुरती जागा होती. पत्रू आत आला.

"ए! कुठी चालला?" गुणवंतराव ओरडले.

"बसतो जी घडीभर. जिलेबी खातो दोघं."

"बाहेर थांब. द्रोणात देतो."

"काल्यात तं संगच खाल्लं ना भाऊ," भागीरथा म्हणाली. "माह्याबी लाह्या गोड लागल्या तुमाले."

गुणवंतराव लालेलाल झाले. "ते देवाचं. हे दुकान आहे. चालते व्हा!"

मित्रांनो, मी बुवांकडं बघत होतो. ज्या तोंडानं नुकतंच ते सारं सांगितलं, ते आता बोलेल असं मला वाटलं. बुवांच्या हातात आलुबोंडा होता. त्यांनी खाली बघितलं, बोंडा रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. नूर मोहम्मदांनी घसा खाकरला, पण तेही खाकरूनच थांबले. कोणी बोटभर हललं नाही.

त्या दोघांनी द्रोण घेतला नाही. सरळ निघून गेले.

कीर्तन खोटं नव्हतं, मित्रांनो. ते आजही माझ्या अंगात आहे. पण आपण फाटावं, आपले दोन तुकडे व्हावेत असं मला वाटलं, म्हणजे ते सगळे एकदम खाली आदळले असते. सागाला तेवढंही जमत नाही. फार पक्कं लाकूड.

गुणवंतरावांच्या मनात त्या दिवसापासून संशय शिरला. आपलं लक्ष नसताना कोणी भलतंच बसून गेलं तर? म्हणून दर बाजारानंतर मला घडाभर पाण्यानं धुवायचं, वर गोमूत्र शिंपडायचं. पाणी खाचांत मुरलं. दोन पावसाळ्यांत माझे पाय सैल झाले आणि मी डुलायला लागलो.

"बाक डुलते का तुम्ही डुलता, गुणवंतराव?" नूर मोहम्मद म्हणाले. लोक हसले. गुणवंतराव नाही हसले. गावातल्या दोन सुतारांनी हात लावून बघितला. दोघं म्हणाले, या खाचा ज्यानं पाडल्या त्यालाच बोलवा.

शेवटी पत्रूला निरोप गेला. तो आला, भागीरथाला घेऊन, आणि नेमका बाजाराच्या दिवशी, अकरा वाजता. गुणवंतरावांनी मला बाहेर अंगणात काढायला सांगितलं.

"बाहेर नाई जी," पत्रू म्हणाला. "जिथं राहते तिथंच पाहा लागते. जमीन तेच पाहिजे."

"बरं, पाहा."

"बसल्याबिगर कोणता पाय ढिला ते समजत नाई. भागीरथा, तू त्या टोकाले बस. वजन दोहीकडून पाहिजे."

आणि ते दोघं माझ्यावर बसले! साऱ्या बाजारासमोर, पाठ ताठ करून. भागीरथाचा हात माझ्या कडेवरून फिरला. करवतीनं घट्टे पडलेला तळवा मी लगेच ओळखला.

"आता जिलेबी सांगा," ती म्हणाली.

सगळे बघत होते. काम तर अडलेलं. गुणवंतरावांनी जिलेबी आणली. पण दोन हात लांब उभे राहिले, आणि कुत्र्याला टाकावी तशी वरून सोडली. भागीरथानं पुढं केलेला हात मागं घेतला. जिलेबी जमिनीवर पडली.

पत्रू उठला. पटाशी आणि हातोडी त्यानं फडक्यात बांधली. "चाल," म्हणाला. जाताना भागीरथानं वाकून एकदा मला हात लावला. माझे पाय तसेच ढिले राहिले, आणि पुढं ते कोणाला बसवताही आले नाहीत.

आता मी उपाहारगृहाच्या मागं, भट्टीच्या सरपणाजवळ पडून आहे. एक दिवस कुऱ्हाड येईल. येऊ दे. राग माझ्याबरोबर जळेल असं मात्र समजू नका.

मित्रांनो, बाकाची निगा राखा, त्याला तेल द्या, असं मी सांगणार नाही. कुठंही बसलात आणि समोर कोणी उभं दिसलं, तर देवाचं नाव नंतर घ्या. आधी सरकून बसा.